बाजार कोसळणार म्हणणाऱ्यांची पारख कशी करायची? बाबांसाठी मदत हवी आहे

नमस्कार. माझे बाबा ६८ वर्षांचे आहेत, निवृत्त, साताऱ्याला राहतात. पेन्शन आहे, कर्ज काही नाही. गेल्या काही वर्षांपासून ते एका यूट्यूब चॅनेलवर रोज रात्री 'महामंदी येतेय' हे ऐकत झोपतात. चॅनेलचं नाव देत नाही, अशी डझनभर आहेत.

७ एप्रिल २०२५ ला सेन्सेक्स २,२०० हून जास्त अंकांनी पडला. दुसऱ्याच दिवशी बाबांनी मला न सांगता म्युच्युअल फंडातले निम्मे युनिट विकले आणि एसआयपी (दरमहा ठरावीक गुंतवणूक) बंद केली. १५ मे ला निफ्टी (सेन्सेक्ससारखाच दुसरा निर्देशांक) परत २५,००० च्या वर बंद झाला. पैसे अजून बचत खात्यात पडून आहेत. सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर लागला तो वेगळाच. मला बाबांचा राग येत नाही. २००८ मध्ये जानेवारीत २१,००० वर गेलेला सेन्सेक्स ऑक्टोबरात ८,००० च्या खाली आलेला त्यांनी स्वतःच्या पैशांनिशी पाहिलाय. ती भीती खरी आहे, आणि हा चॅनेलवाला नेमकी तीच चाळवतो.

मी एका रविवारी त्याचे जुने व्हिडिओ काढून बसले. जानेवारी २०२१, सेन्सेक्स पहिल्यांदा ५०,००० ला पोचला: 'फुगा फुटणार, बाहेर पडा'. त्यानंतर दर वर्षी तेच, फक्त कारण नवं. एप्रिल २०२५ मध्ये 'मी सांगितलं होतं ना?' पण त्या पडझडीत निफ्टीचा तळ २१,७४३ होता, आणि त्याने पहिल्यांदा बाहेर पडा म्हटलं तेव्हा निफ्टी १५,००० च्या आत होता! म्हणजे त्याचं 'खरं ठरलेलं' भाकीत ज्या दिवशी खरं ठरलं, त्या दिवशीसुद्धा त्याचं न ऐकणारा फायद्यात होता. हे आकडे कागदावर मांडून बाबांना दाखवले. ते म्हणाले, "अगं, पण यावेळी खरंच वेगळं आहे."

आणखी एक गोष्ट खटकली. प्रत्येक व्हिडिओखाली 'मंदीतही कमवा' अशा ऑप्शन्सच्या क्लासची लिंक आहे, फी भरून. म्हणजे म्युच्युअल फंड धोक्याचा म्हणून त्यातून लोकांना बाहेर काढायचं आणि पुट ऑप्शन (भाव पडला तर नफा देणारा करार) घ्यायला शिकवायचं. शेअरबाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्याच अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन्स) करणाऱ्या वैयक्तिक ट्रेडरपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. लोक घाबरले नाहीत तर याचा क्लास कोण लावणार?

सगळेच निराशावादी लबाड असतात असं मला अजिबात म्हणायचं नाही. जपानचा शेअर निर्देशांक निक्केई डिसेंबर १९८९ मध्ये ३८,९१५ वर होता, ती पातळी परत यायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. तिथे तेव्हा सावध करणारा माणूस बरोबरच होता. अमेरिकेतला गुंतवणूकदार मायकल बरी याने ३१ जानेवारी २०२३ ला 'विका' एवढा एकच शब्द ट्वीट केला. बाजार वर गेला, तेव्हा मार्चअखेर त्याने विका म्हणणं चुकलं हे जाहीर लिहिलं. बाबांच्या चॅनेलवाल्याने इतक्या वर्षांत असं एकदाही म्हटलेलं मला सापडलं नाही.

जाणकारांनी कृपया सांगा:

याच्या माहितीत सेबीचा नोंदणी क्रमांक कुठेच नाही, 'फक्त शिक्षणासाठी' एवढंच लिहिलंय. जानेवारी २०२५ च्या सेबीच्या परिपत्रकानुसार निव्वळ शिक्षण देणाऱ्याला मागच्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअरबद्दल बोलता येत नाही ना? हा तर त्या दिवशीचे भाव दाखवून कुठला शेअर विकायचा ते सांगतो. तक्रार नक्की कुठे करायची, आणि नोंदणीच नसलेल्या माणसाविरुद्ध कोणी केली आहे का?

दुसरं, या वयात इक्विटीत (शेअर आणि शेअरवाल्या फंडांत) किती ठेवावं? बाबांना सगळं परत बाजारात घालायला लावायचं नाहीये मला. थोडं एफडीत किंवा ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत गेलं तरी चालेल, पण तो निर्णय त्यांनी शांत डोक्याने घ्यावा.

आणि तुमच्यापैकी कुणाच्या आईवडिलांचं असं झालं असेल, तर त्यांना न दुखावता कसं समजावलंत? मी आकडे काढले की बाबा गप्प होतात आणि रात्री परत तोच व्हिडिओ लावतात. येत्या शनिवारी साताऱ्याला जातेय, त्याआधी काही सुचवलंत तर फार बरं होईल.