कस्टमचे काम ऑनलाइन झाले, तरी कंटेनर बंदरात का अडकतो?

काजू कारखानदार, वेंगुर्ले:

नमस्कार मंडळी. वेंगुर्ल्याजवळ आमचा काजू प्रक्रियेचा लहान कारखाना आहे. आपल्याकडील काजू बीचा हंगाम मे महिन्यात आटोपतो. त्यानंतरही कामावरच्या बायकांच्या हाताला काम राहावे, म्हणून आम्ही पश्चिम आफ्रिकेतून कच्ची बी न्हावा शेवामार्गे आणतो. गेल्या खेपेस आमच्या बिल ऑफ एन्ट्रीवर, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या घोषणापत्रावर, मालाच्या मूल्याविषयी क्वेरी (अधिकाऱ्याची विचारणा) निघाली आणि कंटेनर नऊ दिवस पडून राहिला. वडिलांच्या काळी अधिकाऱ्यासमोर मूठभर बी ठेवून बोलता येत असे. आता कागद तपासणारा अधिकारी कोणत्या शहरात बसतो, हेही कळत नाही, आणि एजंट "सिस्टीममध्ये आहे" एवढेच सांगतो. ही पद्धत आमच्यासारख्यांच्या सोयीची आहे का, आणि अशा वेळी नेमके काय करावे?

कस्टम ब्रोकर, पनवेल:

आपली अडचण खरी आहे, पण तिचे मूळ थोडे वेगळे आहे. जून २०२० मध्ये बेंगळुरू आणि चेन्नई येथे फेसलेस मूल्यांकन, म्हणजे अधिकारी आणि आयातदार समोरासमोर न येता होणारी कागदांची तपासणी, सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ते देशभर लागू झाले. माल न्हावा शेवाला उतरला, तरी त्याचे कागद शुल्कसूचीतील प्रकरणानुसार नेमलेल्या गटाकडे जातात, आणि तो गट दुसऱ्या शहरातील असू शकतो. त्यामुळे आपला कागद पाहणारा अधिकारी सतत त्याच प्रकारचा माल हाताळत असतो, ही मला जमेची बाजू वाटते. मात्र त्याला बी दाखवता येत नाही, म्हणून बीचे वर्णन कागदानेच करावे लागते.

काजू बीचा भाव आउटटर्नवर, म्हणजे ८० किलोच्या पोत्यातून किती पौंड गर निघतो यावर, आणि ओलाव्यावर ठरतो, हे आपण जाणताच. आपल्या बीजकात केवळ "कच्ची काजू बी" असे लिहिले असेल, तर कमी प्रतीच्या मालाचा कमी भाव अधिकाऱ्याला संशयास्पद वाटणे स्वाभाविक आहे. करारपत्र, गुणवत्ता तपासणीचा अहवाल आणि बँकेतून पैसे पाठवल्याचा पुरावा क्वेरी येण्याची वाट न पाहता आधीच ई-संचितवर, म्हणजे कस्टमला कागद ऑनलाइन देण्याच्या सोयीवर, चढवावा. बिलाची स्थिती आइसगेट या कस्टमच्या संकेतस्थळावर आपणही पाहू शकता, त्यासाठी एजंटावर अवलंबून राहू नका. स्थानिक अडचणीसाठी बंदरावर तुरंत सुविधा केंद्र असते, तेथे माणूस भेटतो.

आंबा निर्यातदार, रत्नागिरी:

ब्रोकर साहेबांच्या म्हणण्याशी मी बव्हंशी सहमत आहे, पण दुसरी बाजूही मांडावीशी वाटते. जीएसटी आल्यापासून शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचे घोषणापत्र, हाच आयजीएसटी (निर्यातीच्या मालावर भरलेला एकात्मिक जीएसटी) परताव्याचा अर्ज मानला जातो, आणि ही फार मोठी सोय आहे. मात्र माझ्या बीजकाचा क्रमांक जीएसटीच्या विवरणपत्रात एका आणि शिपिंग बिलात दुसऱ्या पद्धतीने लिहिला गेला, तेव्हा परतावा कित्येक महिने अडकला. रक्कम तीच, माल तोच, फरक एका तिरक्या रेघेचा होता. माणसाच्या नजरेला जे सहज उमगले असते, ते यंत्राला उमगत नाही, आणि त्या काळात कर्जावरचे व्याज लहान व्यापाऱ्याला भरावे लागते. म्हणून किरकोळ चूक निस्तरण्याचा मार्ग या व्यवस्थेत अधिक सोपा हवा, असे माझे ठाम मत आहे.

शिवाय २०१६ पासून एक खिडकी पद्धतीमुळे निरनिराळ्या खात्यांसाठीची माहिती एकाच अर्जात भरता येत असली, तरी कीड आहे की नाही हे पाहायला प्लांट क्वारंटाइनच्या, म्हणजे वनस्पतिजन्य मालाची रोग-किडीसाठी तपासणी करणाऱ्या खात्याच्या, माणसाला मालापाशीच यावे लागते. नऊ दिवसांपैकी किती दिवस कस्टमचे आणि किती त्या तपासणीचे होते, हे आपण वेगळे काढून पाहिले आहे का?

काजू कारखानदार, वेंगुर्ले:

दोघांचेही मनापासून आभार. नोंदी आता तपासल्या. क्वेरीला आमच्याकडून उत्तर जाण्यातच चार दिवस गेले होते, कारण गुणवत्तेचा अहवाल पुरवठादाराकडून मागवावा लागला; तपासणीला दोन दिवस लागले. पुढची खेप जहाजावर चढली आहे. तिचे बिल ऑफ एन्ट्री आताच भरता येईल का?

कस्टम ब्रोकर, पनवेल:

होय. जहाज येण्याच्या अपेक्षित तारखेपूर्वी ३० दिवसांपर्यंत ते भरता येते, आणि उशीर केल्यास पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये व पुढे रोज १०,००० रुपये आकार लागतो. अहवाल हाती असेल, तर आजच भरा.