विषय: म्हापशाच्या घरी कार्पेट टाइल, चिकटवायच्या की नुसत्या ठेवायच्या?

नमस्कार मंडळी,
म्हापशाचं घर आईबाबांसाठी जरा नीट करून घेतोय, खाली हॉल, वर बेडरूम, दोन्हीकडे जुनी मोझॅक. बाबांना लादी थंड लागते, म्हणून कार्पेट टाइल, म्हणजे गालिच्याचे चौकोनी तुकडे, टाकायचा विचार आहे. दुकानदार म्हणतो स्टिकरवाल्याच, म्हणजे पाठीला गोंद असलेल्या घ्या, हलत नाहीत. चवथीला मस्कतहून येतोय तेव्हाच काम उरकायचंय. कुणी टाकल्यात का गोव्यात?

---

अरे, गोंदाचं नंतर बघू, आधी खालची ओल बघ. चिऱ्याची जुनी घरं, पावसाळ्यात जोत्यातून ओल वर येते आणि आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चार महिने लादी कधी नीट सुकतच नाही. अशा लादीवर गोंद मऊ पडतो, कडा उचलतात, खाली बुरशी, आणि तो कुबट वास काही केल्या जात नाही. चवथीला आलास की हॉलमध्ये हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेप लावून एक दिवस ठेव, खालून थेंब धरले तर हॉलचा नाद सोड, बाबांना सुती सतरंजी घाल, ती उन्हात तरी टाकता येते. वरच्या बेडरूमला बिनगोंदाच्या बिनधास्त टाक, पण डिसेंबरात, लादी कोरडी असताना.
– फोंड्याहून काका

---

काकांचं बरोबर आहे, फक्त बिनगोंदाच्या घेताना पाठ बघून घ्या हां, बिटुमेनची किंवा पीव्हीसीची जड पाठ हवी, हलकी फेल्टवाली सरकते आणि म्हाताऱ्या माणसाचा पाय अडकला म्हणजे झालं. चार टाइल जिथे मिळतात तिथे खालून चिकट चकती लावतात, ती टाइलला चिकटते, लादीला नाही. आमच्याकडे चहा सांडला की तेवढीच एक उचलून धुते, गोंदवाली असती तर ओरबाडून काढावी लागली असती आणि मोझॅकवर डाग राहिला की पॉलिशवाला बोलवा. पन्नास सेंटिमीटरच्या चार म्हणजे एक चौरस मीटर, पाच-सहा जास्तीच्या घ्या, नंतर तोच रंग मिळत नाही. मागे बाण असतो तो बघून लावा. आणि जिन्यावर मात्र बिनगोंदाच्या नकोच, तिथे काहीच नको खरं तर.
– मडगावची वहिनी

---

काका, वहिनी, थँक्यू. चवथीला नुसतं प्लास्टिक लावून बघतो. वहिनी, त्या चकत्या मडगावात सुट्ट्या मिळतात की टाइलबरोबरच घ्याव्या लागतात?