इसार घेऊन विक्रेता खरेदीखतास नकार देत असेल, तर काय करावे?

प्रश्न: पुण्यातील एक जुनी सदनिका तिच्या मालकांकडून घेण्यासाठी मी साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) नोंदवून इसार (आगाऊ रक्कम) दिला, आता भाव वाढल्याचे सांगून ते खरेदीखत करण्यास नकार देत आहेत. महारेराकडे (राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे) तक्रार करावी का?

प्रतिसाद १: महारेरा विकासक आणि एजंट यांच्याविरुद्धच्या तक्रारींसाठी आहे, आपला वाद दिवाणी न्यायालयाचा आहे. प्रथम वकिलामार्फत नोटीस पाठवा, कारण अनेक वाद तेथेच तडजोडीने मिटतात. खरेदीखत करून मिळण्यासाठी दावा करावाच लागला, तर उरलेली रक्कम देण्यास आपण सतत तयार होता हे आपल्यालाच सिद्ध करावे लागते. म्हणून कर्जमंजुरीचे पत्र आणि बँकेचे खातेउतारे जपून ठेवा. साठेखतात खरेदीखताची तारीख ठरलेली असेल, तर तिच्यापासून ३ वर्षांत दावा दाखल व्हायला हवा.

प्रतिसाद २: दाव्यात इसार परत मिळण्याची पर्यायी मागणीही अवश्य लिहा. शिवाय महाराष्ट्रात प्रलंबित दाव्याची नोटीस (सदनिकेवर दावा चालू असल्याची सूचना) दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदणी कार्यालयात, नोंदवावी लागते. ती नोंदवली नाही, तर मधल्या काळात सदनिका विकत घेणाऱ्या तिसऱ्या व्यक्तीला रोखणे फार कठीण होते. माझ्या मते हीच चूक सर्वांत महागात पडते.

प्रश्नकर्ता: मनःपूर्वक आभार. साठेखतातील तारीख उलटून ५ महिने झाले आहेत. वकिलामार्फत नोटीस याच आठवड्यात पाठवतो.