मदत हवी आहे: व्यायाम बंद केल्यापासून बहीण कोलमडली आहे, काय करू?

निळी_शाई:
जरा लवकर उत्तर द्या. धाकट्या बहिणीला ईटिंग डिसऑर्डर आहे. डॉक्टरांनी व्यायाम पूर्ण बंद करायला सांगितलाय. आज नववा दिवस. घरात नुसती चिडचिड आणि रडारड. काल न राहवून अर्धा तास पळायला सोडली, तर हसत परत आली आणि कितीतरी दिवसांनी माझ्याशी गप्पा मारत बसली. म्हणजे व्यायामाने मूड सुधारतो हे खरंच ना? बंद करून आम्हीच तिला डिप्रेशनमध्ये ढकलतोय का? पुढची अपॉइंटमेंट तीन आठवड्यांनी आहे, त्यामुळे 'डॉक्टरांना विचारा' एवढंच लिहू नका.

पाऊलवाट:
अजिबात बंद करू नका. मी स्वतः डिप्रेशनमधून धावूनच बाहेर आलोय. पहिले दोन आठवडे जड गेले, मग झोप सुधारली, सकाळी उठावंसं वाटू लागलं. अशा मुलीला घरात कोंडणं मला तरी क्रूरपणाच वाटतो.

कवडसा:
कुठली ईटिंग डिसऑर्डर? अ‍ॅनोरेक्सिया (वजन वाढण्याच्या भीतीने खाणं तोडणं), बुलिमिया (खूप खाऊन मग उलटी वगैरे करून ते भरून काढणं) की बिंज ईटिंग (ताबा सुटून खात राहणं)? वय काय? पाळी येते का? चक्कर? यातलं काहीच लिहिलेलं नाही, लोक सांगणार कसं?

दोन_घोट:
मला बिंज ईटिंग आहे. माझ्या थेरपिस्टनेच चालायला सांगितलं आणि मला फायदा झाला. संध्याकाळची घालमेल कमी झाली, खाण्याचे झटकेही कमी झाले. पण नियम एकच होता: खाल्लेलं 'फेडायला' म्हणून चालायचं नाही.

लोखंड:
व्यायामानंतर प्रोटीन घेतेय ना? ते नसेल तर सगळं वाया. हवं तर चांगल्या पावडरचं नाव देतो.

कवडसा:
लोखंड, प्रोटीनबद्दल कुणीही विचारलेलं नाही. आजारी मुलीच्या धाग्यावर पावडर नको, प्लीज.

निळी_शाई:
अ‍ॅनोरेक्सिया. वय १९. सात महिने पाळी नाही. उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते, पण ते अशक्तपणामुळेच ना? आणि हो, व्यायाम बंद म्हणजे आमच्यासमोर बंद. रात्री ती पंखा पाचवर करते. परवा दाराला कान लावला तेव्हा कळलं, गादीवर उड्या मारत होती. आवाज जाऊ नये म्हणून पंखा. टीव्हीसुद्धा उभ्यानेच बघते.

सावली:
ताई, हे वाचून पोटात गोळा आला. मी यातून गेले आहे, सहा वर्षं झाली. काल तुम्हाला दिसला तो आनंद नव्हता, सुटका होती. व्यायाम चुकला की अपराधी वाटतं, छाती धडधडते, 'आता सगळं बिघडलं' असं होतं. पळून आलं की ते थांबतं, आणि थांबतं म्हणूनच दुसऱ्या दिवशी पळणं आणखी सक्तीचं होतं. तासाभराने मी पुन्हा तिथेच असायचे.

पाऊलवाट:
अनुभव मान्य. पण व्यायाम डिप्रेशनवर चालतो हे संशोधनाने सिद्ध आहे.

सावली:
पोटभर खाणाऱ्या शरीरात चालतो. १९६७ मध्ये उंदरांवर झालेला प्रयोग वाचा. रोज तासभरच अन्न दिलं आणि पिंजऱ्यात पळायचं चाक ठेवलं, तर उंदीर दिवसेंदिवस जास्त पळत गेले, कमी खात गेले आणि मेले. तेवढाच वेळ अन्न मिळूनही चाक नसलेले जगले. मिनेसोटात १९४४-४५ मध्ये ३६ धडधाकट पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं, तर त्यांनाही नैराश्य आलं, तेही चिडचिडे झाले. तिच्या मूडचा मोठा भाग उपासमारीचा आहे. तो अन्नानेच परत येतो, आणि सावकाश येतो.

कवडसा:
आधी अंधारीचं बघा. शांत बसवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा आणि आकडा इथे लिहा. दिवसा, जागेपणी ५० च्या खाली असेल तर या वयात भरती करण्याचा विचार करतात.

पाऊलवाट:
धावणाऱ्यांची नाडी कमीच असते. माझी ५२ आहे. उगाच घाबरवू नका.

कवडसा:
तुम्ही जेवता. सात महिने पाळी नाही, उठलं की अंधारी, अशा मुलीची कमी नाडी फिटनेसची समजू नका. हृदय शक्ती वाचवायला मंद होतं. त्यात पोटॅशियम खाली गेलं तर ठोके बिघडतात. ईसीजी आणि रक्त तपासायलाच हवं.

टिकटिक:
अवांतर: माझं स्मार्टवॉच हात हलवला तरी पावलं मोजतं. कुणाला उपाय माहीत आहे?

सावली:
वेगळा धागा काढा ना. पण ताई, तिच्या हातात असलं घड्याळ असेल तर डॉक्टरांना तेही सांगा. आणि जेवणानंतरचा तास सर्वात वाईट असतो. तेव्हा जवळ बसा, खाण्याबद्दल अवाक्षर नको. माझी आई लोकरीचा गुंता सोडवायला द्यायची. दोघी मिळून सोडवायचो. व्यायाम कायमचा जात नाही हेही तिला सांगा. वजन आणि तपासण्या सावरल्यावर मला टीमने स्ट्रेचिंगपासून परत सुरू करून दिला, कुणीतरी सोबत असताना.

निळी_शाई:
मोजली. ४४. दोनदा मोजली. हॉस्पिटलला फोन केला, तर 'थांबू नका, आत्ताच इमर्जन्सीला घेऊन या' म्हणाले. निघतोय. घड्याळ आहे तिच्या हातात, काढायला तयार नाही. डॉक्टरांना सांगते. सावली, लोकर कुठली घ्यायची, जाड की बारीक?