नोव्हेंबर आला की आमच्या घराची झोप उडते, उपाय सुचवा

नमस्कार मंडळी,

मी पुण्यात आयटीत आहे, क्लायंट न्यू जर्सीचा. तिकडे सकाळी दहाला रोजचा कॉल. उन्हाळ्यात तो आपल्या साडेसातला येतो, सव्वाआठला मी मोकळी. पण नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात आणि कॉल साडेआठवर येतो, तो थेट मार्चपर्यंत. मग टीमशी बोलणं, मेल... उठेपर्यंत दहा.

लेक पाच वर्षांची, सीनियर केजीत. मी खोलीत आल्याशिवाय झोपत नाही. नवरा गोष्ट सांगायला घेतो आणि तिच्याआधी स्वतःच घोरायला लागतो. मग ही माझ्या दाराबाहेर येऊन बसते. झोपायला पावणेअकरा, आणि सकाळी सहाला उठवायचं, कारण पावणेसातला बस. चौथीपर्यंतच्या शाळा नऊच्या आधी भरवू नका, असं शासनाने २०२४ च्या फेब्रुवारीत सांगितलंय, पण आमच्या शाळेचं बसचं गणित जुळत नाही म्हणे. या वयाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. हिची रात्रीची जेमतेम सव्वासात, उरलेली दुपारी साडेचारनंतर आजीजवळ. सासूबाई पाचला उठणाऱ्या, रात्रीच्या गोंधळात त्यांचीही झोपमोड.

बाबाकडून झोपायची सवय कुणी लावली असेल तर कशी? आणि कॉलची वेळ कुणी बदलून घेतलीय का? तिकडे साडेआठला ठेवला तर हिवाळ्यात आपल्याकडे सातच वाजतात, पण मॅनेजरला विचारायचं धाडस होत नाहीये.

'नोकरी सोड' हा सल्ला घरबसल्या मिळतो, इथे नको.

प्रतिसाद: ताई, मला कॉलपेक्षा ती साडेचारची झोप खटकतेय. साडेसहाला उठलेलं मूल नऊला कसं झोपेल? शाळेतून आली की जेवून लगेच आडवी करा, साडेतीनच्या आत उठवा. शनिवार-रविवारी तुम्ही मोकळ्या असलात तरी बाबानेच झोपवायचं, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिले पाढे. कॉलचं 'मार्चपर्यंत' म्हणून मागा, कायमचं मागू नका. होकार लवकर मिळतो.

धागाकर्ती: धन्यवाद! साडेतीनचं अवघड आहे, तिचं जेवणच अडीचपर्यंत चालतं. सासूबाईंशी बोलते. शनिवारचं मात्र नवऱ्याला आत्ताच वाचून दाखवलं. 'बघू' म्हणालाय.