इयर नाइनची विषयनिवड आणि डिझाइन अँड टेक्नॉलॉजी

प्रेषक: पालक सदस्य, रेडिंग
विषय: मुलीच्या विषयनिवडीबाबत मार्गदर्शन हवे आहे

सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी इथे इंग्लंडमध्ये इयर नाइनमध्ये (वय तेरा-चौदा) शिकते आणि जीसीएसईसाठी, म्हणजे सोळाव्या वर्षी द्यायच्या शालेय परीक्षेसाठी, कोणते विषय घेणार हे तिला महिनाअखेरीपर्यंत शाळेला कळवायचे आहे. इंग्रजी, गणित आणि विज्ञान सक्तीचे आहेत, फ्रेंच आणि इतिहास तिने स्वतःहून घेतले आहेत. उरलेल्या जागी तिला डिझाइन अँड टेक्नॉलॉजी, म्हणजे मुले ज्याला नुसते डीटी म्हणतात तो विषय हवा आहे. घरात त्यावरून दोन आठवडे चर्चा चालली आहे. लाकूड कापण्यात आणि पुठ्ठ्याचे नमुने करण्यात वेळ घालवण्यापेक्षा तिने कॉम्प्युटर सायन्स घ्यावे, असे यजमानांचे आणि आमच्या बऱ्याच स्नेह्यांचे मत आहे.

माझे शालेय शिक्षण सोलापुरात झाले. वेळापत्रकात कार्यानुभवाचा तास होता, पण त्या तासाला बहुधा गणिताचे राहिलेले धडे पूर्ण करून घेतले जात. वर्षाच्या शेवटी गुणांसाठी जी कागदी फुले द्यायची ती माझ्या आईने केलेली असत. त्यामुळे या विषयाची मला पारख नाही, हे मी मोकळेपणाने सांगते. मुलांना नेमके काय शिकवतात, गुण कशाचे असतात, पुढे इंजिनिअरिंगला जायचे झाल्यास अडचण येते का आणि घरून किती मदत करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

आपली,
एक पालक

---

प्रेषक: सदस्य, लेस्टर (डीटी शिक्षक)
विषय: उत्तर: मुलीच्या विषयनिवडीबाबत मार्गदर्शन हवे आहे

ताई, सप्रेम नमस्कार.

मी इंग्लंडमधल्या माध्यमिक शाळेत हा विषय चौदा वर्षे शिकवतो आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. वेल्स आणि स्कॉटलंडची व्यवस्था वेगळी असल्याने माझे लिखाण इंग्लंडपुरतेच समजावे.

इथल्या शाळांमध्ये पूर्वी मुलांना लाकूडकाम आणि धातुकाम, तर मुलींना शिवण आणि स्वयंपाक अशी सरळ वाटणी असे. १९८८ च्या शिक्षण कायद्याने राष्ट्रीय अभ्यासक्रम आला आणि १९९० पासून डिझाइन अँड टेक्नॉलॉजी हा स्वतंत्र विषय म्हणून मुलामुलींना एकत्र शिकवला जाऊ लागला. त्यामागचा विचार असा होता की, शिक्षकाने दाखवलेली वस्तू हुबेहूब करून आणणे हे कसब असले तरी ते पुरेसे नाही. कोणाची कोणती अडचण सोडवायची आहे हे मुलाने आधी शोधावे, निरनिराळे मार्ग रेखाटावेत, त्यातला एक कारण देऊन निवडावा, तो करून पाहावा आणि जिथे फसला तिथे सुधारावा. तुमच्या यजमानांना जे लाकूड कापणे दिसते ते या साखळीतले एक पाऊल आहे.

गुणांविषयी सांगायचे तर २०१७ पासून शिकवल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमात निम्मे गुण लेखी परीक्षेला आणि निम्मे प्रकल्पाला आहेत. लेखी भागात साहित्याचे गुणधर्म, यंत्ररचना, इलेक्ट्रॉनिक्स आणि पर्यावरणावरील परिणाम हे सर्व येते आणि त्या परीक्षेचे किमान १५ टक्के गुण गणिती कौशल्यांचे असतात. प्रकल्पासाठी परीक्षा मंडळ इयर टेन संपत आले की १ जूनला काही विषयसूत्रे जाहीर करते आणि मुले त्यातले एक घेऊन सुमारे ३० ते ३५ तास काम करतात.

हे काम कसे चालते ते एका उदाहरणाने सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मराठी मुलीकडे तिची आजी सहा महिन्यांसाठी आली होती. गुडघ्यांमुळे आजींना खाली बसून विळीवर नारळ खवता येईना. ओट्याला धरून राहणारी खवणी बाजारात मिळते, म्हणून मुलीने प्रथम तीच मागवली आणि ती का चालत नाही याचा शोध घेतला. खवणीच्या बुडाशी दाबल्यावर हवा निघून चिकटणारी रबरी वाटी होती, परंतु घरच्या ओट्याचा पृष्ठभाग किंचित खरखरीत असल्याने तिच्या कडेने हवा शिरत असे आणि दोन मिनिटांत खवणी सुटे. दुसरी खवणी स्क्रूने आवळायची होती, पण तिचा जबडा ३८ मिलिमीटर जाडीच्या ओट्यावर बसतच नव्हता. मुलीने ही दोन्ही निरीक्षणे मापांसह वहीत लिहिली. मग तिने पुठ्ठ्याचा नमुना केला, त्यानंतर एमडीएफचा, म्हणजे लाकडाच्या भुशापासून केलेल्या फळीचा, आणि प्रत्येक वेळी आजींना नुसती हालचाल करून दाखवायला सांगितले. आजींचा हात खवताना कोपरापासून नव्हे तर मनगटापासून फिरतो, हे तिला तिसऱ्या खेपेला दिसले, तेव्हा तिने पात्याची उंची चार सेंटिमीटरने कमी केली. शेवटचा नमुना बीच लाकडाचा होता. पाते तयार आणलेले होते आणि बैठकीच्या खाली तिने सायकलच्या जुन्या ट्यूबचा पट्टा लावला होता.

त्या वहीत फसलेल्या पुठ्ठ्याचे छायाचित्र आहे आणि त्याखाली ‘हे का वाकले’ याची पाच ओळींची कारणमीमांसा आहे. मला स्वतःला ते पान शेवटच्या गुळगुळीत नमुन्यापेक्षा मोलाचे वाटते. आपल्याकडे चुकलेले पान फाडून नवे लिहायची सवय लावली जाते. या विषयात ते पान फाडले तर गुण जातात, कारण विचार कसा पुढे सरकला याचा पुरावाच नाहीसा होतो.

घरच्या मदतीचे उत्तर यातच आहे. मुलांचे बोलणे ऐकावे, त्यांच्या नमुन्यांचे ‘गिऱ्हाईक’ व्हावे, साहित्य आणायला दुकानात न्यावे. मात्र रेखाटन, करवत आणि लेखन यांना हात लावू नये. प्रकल्प शाळेत शिक्षकांच्या देखरेखीखाली होतो आणि ते काम स्वतःचे आहे असे विद्यार्थ्याला लिहून द्यावे लागते. माझ्याकडे एकदा इतके सफाईदार काम आले की त्यातला एकही निर्णय मुलाला समजावून सांगता येईना. त्या मुलाची मान खाली गेलेली पाहणे मला फार जड गेले.

इंजिनिअरिंगसाठी विद्यापीठे प्रामुख्याने ए-लेव्हलचे (जीसीएसईनंतरच्या, आपल्या बारावीसारख्या परीक्षेचे) गणित आणि बहुतेक ठिकाणी भौतिकशास्त्र पाहतात. जीसीएसईला डीटी घेतल्याने यातले काहीच अडत नाही. कॉम्प्युटर सायन्स हाही उत्तम विषय आहे आणि मुलीला त्याची ओढ असती तर मी तोच घ्या म्हटले असते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. २००४ पासून इयर टेन आणि इलेव्हनला हा विषय सक्तीचा राहिला नाही, आणि २०१० नंतर शाळांच्या मूल्यमापनासाठी जो ईबॅक, म्हणजे ठरावीक विषयांचा संच, आला त्यात त्याला स्थान मिळाले नाही. कार्यशाळा चालवायला खर्च येतो, शिक्षक मिळत नाहीत, त्यामुळे अनेक शाळांनी हळूहळू बाके आणि यंत्रे काढून त्या खोल्यांचे साधे वर्ग केले. एकेकाळी दरवर्षी कितीतरी लाख मुले ही परीक्षा देत, आता तो आकडा एक लाखाच्या आत आला आहे. तुमच्या मुलीच्या शाळेत कार्यशाळा टिकून आहे आणि मुलीला तिथे जायचे आहे, हा योग जुळला आहे. तो घालवू नये असे मला मनापासून वाटते.

आपला,
एक शिक्षक

---

प्रेषक: ज्येष्ठ सदस्य, हॅरो
विषय: उत्तर: मुलीच्या विषयनिवडीबाबत मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार.

गुरुजींच्या पत्राला एक पुरवणी जोडतो. कार्यानुभवाचा अनुभव ताईंसारखाच पुष्कळांचा असेल, पण महाराष्ट्रात याच दिशेचे भरीव काम झालेले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला आणि तिथून मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम अनेक ग्रामीण शाळांमध्ये गेला. आठवी ते दहावीची मुले आठवड्यातला एक दिवस अभियांत्रिकी, ऊर्जा, शेती आणि गृह-आरोग्य या चार क्षेत्रांत प्रत्यक्ष काम करतात आणि गावाला लागणारी कामे करून देतात. मी नव्वदच्या दशकात तिथे दोन दिवस राहिलो होतो. एक मुलगा लोखंडी कोन वेल्डिंग करण्याआधी गुण्या (काटकोन तपासायचे साधन) लावून तीन वेळा तपासत होता, कारण ज्यांच्या दारासाठी ती चौकट होती ते गृहस्थ शेजारीच उभे होते. खवणीच्या गोष्टीतल्या आजी मला अगदी त्या गृहस्थांसारख्या वाटल्या.

आपला,
एक निवृत्त अभियंता

---

प्रेषक: पालक सदस्य, रेडिंग
विषय: उत्तर: मुलीच्या विषयनिवडीबाबत मार्गदर्शन हवे आहे

आदरणीय गुरुजी आणि काका,

दोन्ही पत्रे मी रात्री जेवणानंतर घरात मोठ्याने वाचून दाखवली. यजमानांनी खवणीचा परिच्छेद पुन्हा वाचायला लावला आणि आपल्या ओट्याची जाडी मोजून पाहिली. तीही ३८ मिलिमीटर निघाली. मुलीने आज सकाळी अर्ज भरून शाळेत दिला. फसलेल्या पुठ्ठ्याचे ते पान तिला एकदा पाहायचे आहे. त्या विद्यार्थिनीची आणि तिच्या घरच्यांची हरकत नसेल तर गुढीपाडव्याच्या कार्यक्रमाला ती वही आणता येईल का, एवढे कृपया कळवावे.

आपली,
एक पालक