गटात हरलेला खेळाडूच विजेता: एटीपी फायनल्सची ही पद्धत न्याय्य आहे का?

प्रश्न (रामनगर, नागपूर)
आमच्या क्लबच्या डिसेंबरमधील स्पर्धेला यंदा आठच खेळाडू आहेत आणि ती एटीपी फायनल्सप्रमाणे (वर्षअखेरची आठ अव्वल टेनिसपटूंची स्पर्धा), चार-चार जणांचे दोन गट करून खेळवावी, म्हणजे गटात प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळावे आणि पहिल्या दोघांनी उपांत्य फेरीत जावे, असा प्रस्ताव आहे. माझे मन त्याला तयार होत नाही. 2023 मध्ये इटलीतील तुरिनला झालेल्या या स्पर्धेत यानिक सिनरने नोव्हाक जोकोविचला गटात हरवले, तरीही अंतिम सामन्यात त्याच सिनरला 6-3, 6-3 असे नमवून जोकोविचच अजिंक्य ठरला. हे योग्य आहे का? जाणकारांनी कृपया मत द्यावे.

उत्तर (धरमपेठ)
आपण दिलेल्या उदाहरणातच या पद्धतीचे मोठेपण आहे, असे मला मनापासून वाटते. गटातील शेवटच्या सामन्यात जोकोविचने हुबर्ट हुरकाचला हरवले खरे, पण एक सेट गमावल्यामुळे सिनरची उपांत्य फेरी तिथेच पक्की झाली आणि जोकोविचचे भवितव्य त्या रात्रीच्या सिनर-रूने सामन्यावर येऊन ठेपले. होल्गर रूने जिंकला असता तर तिघांचे दोन-दोन विजय होऊन जिंकलेल्या सेटच्या टक्केवारीवर जोकोविच बाहेर पडला असता. म्हणजे सर्वांत अवघड प्रतिस्पर्ध्याला वाटेतून दूर करण्यासाठी सिनरला फक्त हरायचे होते. आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेली होती, आणि तिकडे तो 6-2, 5-7, 6-4 असा जिंकला! गटातील प्रत्येक विजयाला जागतिक क्रमवारीचे 200 गुण असतात, पण त्या झुंजीचे श्रेय मी गुणांना देणार नाही.

उत्तर (सदर)
असे पूर्वीही घडले आहे. 2005 मध्ये शांघायला रॉजर फेडररकडून गटात हरलेल्या डेव्हिड नालबांडियनने अंतिम सामन्यात पहिले दोन सेट गमावूनही त्यालाच पाच सेटमध्ये हरवले होते. माझा आक्षेप वेगळा आहे: नंतर खेळणाऱ्याला आपल्याला नेमके काय हवे ते आधीच कळलेले असते. तुरिनमध्ये सामने एकाच कोर्टवर होत असल्याने तिथे इलाज नाही. आपल्याकडे दोन कोर्ट असतील तर गटातील शेवटचे दोन्ही सामने एकाच वेळी सुरू करावेत. मात्र बाद पद्धतीत सात सामने लागतात, इथे पंधरा लागतील, याचा विचार आधी करावा.

प्रश्नकर्ता
कोर्ट दोन आहेत, त्यामुळे दोन रविवारांत पंधरा सामने बसतील. तिघांची सेटची टक्केवारीही सारखी आली तर काय करावे?

उत्तर (सदर)
मग जिंकलेल्या गेमची टक्केवारी पाहावी. दोघांचीच बरोबरी असेल तर मात्र त्यांच्या आपसातील सामन्याचाच निकाल धरावा. हे दोन्ही नियम सोडत काढण्यापूर्वी फलकावर लावावेत.